'आपण' आणि 'आम्ही' : पर्यावरणाच्या धड्यातील एक सर्वनाम

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. १ सप्टेंबरपासून असिसीकर संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, म्हणजे ४ ऑक्टोबरपर्यंत, ख्रिस्तसभा सृष्टीचा काळ पाळते. त्या निमित्ताने नारायणगाव परिसरातील आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी आम्ही एक निबंधस्पर्धा ठेवली होती. विषय मीच सुचवला होता : 'पर्यावरण आणि आपण'. परीक्षकही मीच. साठ-पासष्ट निबंध आले आणि त्यांतील बहुतेक इतके एकसारखे होते की, नावे झाकून ठेवली असती तर एकाच लेखकाचे ते साठ खर्डे वाटावेत. ज्या निबंधाला मी पहिले पारितोषिक दिले त्याचे अक्षर सुंदर होते, शुद्धलेखन निर्दोष होते, झाडे, पाणी, प्लास्टिक, ओझोन ही सारी स्थानके त्याने क्रमाने घेतली होती आणि अखेरीस एक सुविचारही जोडला होता.

बाजूला काढलेल्या निबंधांत पाऊण पानाचा एक होता. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरातून शिकण्यासाठी खाली आलेल्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलाने तो लिहिला होता. निबंधाची सुरुवातच अशी होती की, आमचे गाव धरणात आहे. पुढे त्याने लिहिले होते की, आजी अजून शेताच्या बांधांची नावे सांगते, पण ते बांध त्याने कधी पाहिलेले नाहीत. चैत्र-वैशाखात आई पाण्यासाठी डोंगर उतरून धरणाच्या काठापर्यंत जाते. आणि समोर एवढे पाणी असले तरी ते आमचे नाही, कालव्याचे आहे. झाडे लावण्याविषयी एक शब्दही नव्हता. मी लाल शाईने समासात शेरा मारला : 'विषयांतर'.

त्यानंतरच्या मे महिन्यात काही कामानिमित्त मला घोडेगावहून डिंभ्याच्या बाजूला जावे लागले. घोड नदीवरील या धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे आणि त्यात साडेतेरा टीएमसी पाणी मावते. ज्या आंबेगावावरून अख्ख्या तालुक्याला नाव मिळाले ते मूळ गाव याच पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगाव, आणि आंबेगाव केवळ दप्तरात उरले. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यामुळे उघड्या पडलेल्या तांबड्या उतारावरून बायका डोक्यावर हंडे घेऊन वर चढत होत्या. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण मी प्रवचनात अनेकदा वापरली आहे, पण ती चढताना त्या दिवशी प्रथम पाहिली. आणि मला तो लाल शेरा आठवला. विषय सोडून कोण गेले होते, तो मुलगा की मी?

परतल्यावर मी ते सारे निबंध पुन्हा काढले आणि आमच्या सेमिनरीच्या दिवसांत प्राध्यापक कोणताही ग्रंथ वाचताना जो पहिला प्रश्न विचारायला लावीत तोच त्यांना विचारला : येथे कोण बोलतो आहे आणि कोणाशी? प्रस्तुत लेख त्या फेरवाचनातून आला आहे. निबंध लिहिणारी मुले पाठ्यपुस्तकांची भाषा बोलत होती, म्हणून परीक्षण त्या भाषेचे व्हायला हवे, मुलांचे नव्हे.

मराठी भाषेकडे एक संपत्ती आहे, जी हिंदीजवळ नाही आणि इंग्रजीजवळही नाही. अनेकांसाठी आपल्याकडे दोन प्रथमपुरुषी सर्वनामे आहेत. 'आपण' म्हटले की ऐकणारा त्यात सामील असतो. 'आम्ही' म्हटले की तो बाहेर राहतो. घरी आलेल्या पाहुण्याला यजमान 'आपण जेवू' म्हणतो की 'आम्ही जेवतो' म्हणतो, यावरून पाहुण्याला आपली जागा कळते. शिवाय 'आपण' हे आदराने समोरच्यालाही उद्देशून म्हणता येते. वर्गात शिक्षक 'आपण पाणी जपून वापरले पाहिजे' असे वाचतात तेव्हा व्याकरणाने ते स्वतः त्यात असतात, पण बाकावरील मुलाला नेमके कळते की येथे 'आपण' म्हणजे 'तुम्ही'. (प्रवचनपीठावरून आम्ही धर्मगुरूही हेच करतो, हे मान्य केलेले बरे.)

पर्यावरणाचे जवळजवळ सारे शालेय लेखन या एका 'आपण'वर उभे आहे. आपण जंगले तोडली, आपण हवा दूषित केली, आता आपणच पृथ्वी वाचवली पाहिजे. वाक्यांचे हे नमुने माझे आहेत, परंतु कोणत्याही इयत्तेचे पुस्तक उघडणाऱ्याला ते ओळखीचे वाटतील. या 'आपण'मध्ये कालव्याच्या पाण्यावर वीस एकर ऊस करणारा आहे आणि दोन हंड्यांवर दिवस काढणारी त्या मुलाची आईही आहे. दोषाची समान वाटणी झाली की कोणाच्याच वाट्याला काही येत नाही. त्या मुलाने मात्र 'आमचे गाव', 'आमची आई', 'आमचे नाही' असे लिहिले होते. साठ निबंधांत 'आम्ही' म्हणणारा तो एकटा होता. पंगतीत आपले पान मांडलेले नाही, हे त्याला ठाऊक होते.

सर्वनामाच्या जोडीला प्रयोग येतो. ज्या वाचकांनी शाळेत कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग घोकले असतील त्यांनी पर्यावरणावरील कोणताही धडा घेऊन त्यातील कर्ते शोधून पाहावेत. धरण बांधण्यात येते, लोक विस्थापित होतात, जंगलांचा ऱ्हास होतो, प्रदूषण वाढते, तापमान चढते. सारे काही घडते. करीत कोणी नाही. जणू पाऊस पडावा तसे विस्थापन पडते. आणि धड्याच्या शेवटी उपाययोजना सुरू झाली की मात्र एकाएकी कर्ता प्रकट होतो, आणि तो असतो विद्यार्थी : त्याने नळ बंद करावा, त्याने दिवा मालवावा, त्याने कापडी पिशवी न्यावी. बिघाडाला कर्ता नाही आणि दुरुस्तीचा कर्ता तेरा वर्षांचे मूल आहे. साहित्याचा विद्यार्थी याला शैलीचा दोष म्हणेल. माझ्या मते हा नीतीचा दोष आहे.

येथे आपल्या उपासनेतील एक गोष्ट आठवते. मिस्साच्या आरंभीची पापांगीकाराची प्रार्थना आपण सारे मिळून एका सुरात म्हणतो, तरीही ती एकवचनात असते. तेथे 'मी' आहे, 'आपण' नाही. शेकडो लोक एकत्र उभे असूनही प्रत्येकाने आपला अपराध आपल्या नावावर घ्यायचा असतो आणि कमीअधिक प्रमाणात घ्यायचा असतो. ज्याचा अपराध थोडा त्याच्यावर दुसऱ्याचे ओझे लादण्याची तेथे सोय नाही.

हा विषय शाळेत कसा आला याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा शिक्षणाचा सक्तीचा भाग करण्याविषयी निर्देश दिले. बारा वर्षांनंतरही राज्यांची चालढकल संपेना तेव्हा १८ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. म्हणजे हा विषय वर्गात आला तो न्यायालयाच्या दारातून, एका न्यायाच्या मागणीतून. वर्गात पोहोचेपर्यंत मात्र न्याय वाटेतच कोठेतरी गळून पडला आणि उरला तो आणखी एक विषय. विषय म्हटला की तास आला, वही आली, प्रकल्प आला. गुणांऐवजी श्रेणी देण्याचा विषय असला की त्याचा तास गणिताला देण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. प्रकल्पाचे म्हणाल तर, पर्यावरणाचे तयार प्रकल्प चित्रांसह स्टेशनरीच्या दुकानात विकत मिळतात. मी स्वतः एका दुकानात विचारले, तेव्हा दुकानदाराने 'जलप्रदूषण देऊ की वायुप्रदूषण?' असे विचारून दोन्हींची किंमत सांगितली. किंमत एकच होती.

पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांच्या परिश्रमांवर अन्याय करण्याचा माझा हेतू नाही. महाराष्ट्रात तिसरीच्या मुलांना वर्षानुवर्षे आपापल्या जिल्ह्याचा 'परिसर अभ्यास' शिकवला गेला. ही कल्पना मला अजोड वाटते. लहान मुलाने पृथ्वीच्या आधी आपल्या नदीचे नाव शिकावे यापेक्षा चांगली सुरुवात कोणती? अलीकडे 'जलसुरक्षा' हा स्वतंत्र विषयही माध्यमिक वर्गांना आला, आणि त्यात पाण्याचा हिशेब मांडण्याची दृष्टी आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञानदिनी, खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात विज्ञान प्रदर्शन भरते आणि आसपासच्या खेड्यांतील मुले आपापली उपकरणे घेऊन येतात. तेथील मुलांचा उत्साह पाहून कोणाचेही मन भरून यावे. मी पाहिलेल्या प्रतिकृतींत ठिबक होते, पावसाच्या पाण्याची साठवण होती, थर्मोकोलचे धरणही होते. धरणाच्या खाली हिरवी शेते रंगवलेली होती. धरणाच्या वर काय होते, हे दाखवायला पुठ्ठा संपला होता.

आता त्या संपलेल्या पुठ्ठ्याकडेच थोडे पाहू. कुकडी प्रकल्पात पाच धरणे आहेत : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. कुकडी, मीना, घोड या आपल्या नद्यांचे पाणी त्यांतून जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांना आणि पुढे पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. नारायणगावची आजची समृद्धी, येथील द्राक्षबागा, टोमॅटोचा राज्यभर नावाजलेला बाजार, साखर कारखान्यांची धुराडी, ही बरीचशी याच पाण्याची लेकरे आहेत. ज्यांची जमीन बुडाली ते बहुतांशी वरच्या अंगाचे महादेव कोळी व ठाकर. डिंभ्याच्या वरच्या गावांत कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने विस्थापितांबरोबर अनेक वर्षे काम केले. जलाशयातील मासेमारीचा आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करण्याचा हक्क मिळवण्यासाठी लोकांना झगडावे लागले.

कालवा आला म्हणून ऊस वाढला. ऊस वाढला म्हणून बिबट्याला आडोसा मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या उसातच जन्मलेले बिबटे आज जुन्नर-आंबेगावात आहेत. त्यांना डोंगरातले जंगल ठाऊक नाही. या शतकाच्या आरंभी असे बिबटे पकडून दूरच्या अभयारण्यांत सोडण्याची मोठी मोहीम जुन्नर वन विभागात झाली. त्याविषयीच्या अभ्यासात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मोहिमेपूर्वी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत, ते मोहिमेनंतर सरासरी १७ वर गेले. म्हणजे उपायाने दुखणे वाढवले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात लहान मुलांसह माणसे दगावली आणि संतापलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, हे वाचकांना आठवत असेलच. अशा वेळी सर्वांत उघड्यावर कोण असते? उसाच्या फडाशेजारी कोपीत झोपणारी तोडकऱ्यांची पोरे आणि मेंढपाळाच्या वाड्यावरची बाळे. बंगल्याला दार असते.

धरण, विस्थापन, कालवा, ऊस, बिबट्या, तोडकऱ्याचे मूल. ही एकच गोष्ट आहे. शाळेत ती कशी शिकवली जाते? धरण भूगोलात येते, 'बहुउद्देशीय प्रकल्प' या मथळ्याखाली. ऊस नगदी पिकांत येतो. बिबट्या विज्ञानात अन्नसाखळीच्या टोकाला बसतो. स्थलांतरित मजूर, आलाच तर, नागरिकशास्त्रात. आणि पर्यावरणाच्या तासाला मुले वाघ वाचवण्याचे चित्र रंगवतात. सहा कड्यांची साखळी चार पुस्तकांत तोडून टाकली की तिला साखळी म्हणून कोण ओळखणार? नारायणगावच्या वर्गातील मूल रोज संध्याकाळी बिबट्याच्या भीतीने लवकर घरी परतते आणि सकाळी त्याच बिबट्याविषयी असे काही शिकते, जे त्या भीतीला कोठेही शिवत नाही.

माळीणची आठवण याच संदर्भात होते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील हे गाव डोंगराखाली गाडले गेले. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस. टी. चालकाला जागेवर गाव दिसेना, तेव्हा जगाला बातमी कळली. १५१ माणसे गेली. पुढे २०१७ च्या एप्रिलमध्ये नवे माळीण उभे राहिले. आपत्ती व्यवस्थापन शिकवताना माळीणचे नाव घेतले जाते. मुलांना तारीखही पाठ असते. परंतु त्या दुर्घटनेनंतर काही दिवसांतच जो वाद झाला तो मला शिकवण्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा वाटतो. काहींनी दोष पडकईला दिला. पडकई म्हणजे डोंगरउतारावर दगडी बांध घालून भातखाचर तयार करण्याची आदिवासींची जुनी रीत. सारे गाव मिळून हातांनी हे काम करते. इतरांनी विचारले, दोष पडकईचा की हातांच्या जागी उतारावर आणलेल्या यंत्रांचा? अतिवृष्टीचा किती, मातीचा किती, उजाड झालेल्या डोंगराचा किती? नववीच्या मुलांना हा प्रश्न देऊन दोन तास बोलू दिले तर भूगोल, विज्ञान आणि न्याय ही तिन्ही त्यांच्या हाती एकदम लागतील. आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानी येईल : ढिगाऱ्याखाली जो गेला त्याच्यावरच प्रथम बोट रोखले गेले.

हवामानबदलाचा धडा तर याहून दूर, थेट उत्तर ध्रुवावर नेऊन ठेवलेला असतो. वितळणारा हिमखंड आणि त्यावरचे पांढरे अस्वल आमच्या मुलांना चित्रावरून तोंडपाठ आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील हिरड्याची झाडे उन्मळून पडली, हे कोणत्या धड्यात आहे? बाळहिरडा गोळा करून विकणे हा तेथील आदिवासी कुटुंबांचा रोख पैशाचा मुख्य आधार. त्या नुकसानाची भरपाई मिळावी म्हणून त्यांना पुढे काही वर्षे मोर्चे काढावे लागले. तीच गोष्ट वेगळ्या रीतीने आमच्या द्राक्षबागाईतदाराची. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला की एका रात्रीत वर्षाचे कष्ट आणि सोसायटीचे कर्ज दोन्ही डोक्यावर येतात. हवामानाचा फटका दोघांनाही बसला. पण एकाकडे सातबारा होता, पंचनाम्याला येणारा तलाठी ओळखीचा होता, आणि दुसऱ्याला आधी हे सिद्ध करायचे होते की त्याचे काही बुडाले आहे. न्यायाचा प्रश्न तेथून सुरू होतो.

ज्या १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाचा तो निर्णय आला, त्याच साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेतर्फे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी विषम जगातील तापमानवाढीवर एक छोटी पुस्तिका काढली. भातखाचरातून निघणारा वायू आणि चैनीच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच तराजूत तोलणाऱ्या पाश्चात्त्य हिशेबाला त्यांनी हरकत घेतली होती. एक उत्सर्जन जगण्यासाठीचे आहे, दुसरे ऐषआरामाचे. दोहोंची बेरीज करणे हेच अन्यायाचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, रिओच्या परिषदेत मांडलेल्या हवामान करारात जबाबदारी सर्वांची असली तरी सारखी नाही, हे तत्त्व नोंदले गेले. भारत सरकार जगाच्या व्यासपीठावर गेली तीस वर्षे हेच सांगत आले आहे आणि ते योग्यच आहे. गंमत अशी की, जगाशी बोलताना आपण 'आम्ही' म्हणतो. स्वतःच्या वर्गात पाऊल टाकताच पुन्हा 'आपण'. डिंभ्याच्या वरचे भातखाचर आणि खालचे कारखाने यांच्यात तोच भेद करायला आपण मुलांना शिकवत नाही.

हे शिकवणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एन. सी. ई. आर. टी. ने पाचवीसाठी 'आस-पास' हे पर्यावरण अध्ययनाचे पुस्तक काढले. त्यात 'जाएँ तो जाएँ कहाँ' नावाचा एक पाठ होता. त्यातील जात्र्याचे खेडी हे गाव धरणात जाते. नव्या गावात पत्र्याचे घर आणि दगडाळ जमीन मिळते, तेथील लोक यांना नको असलेले पाहुणे समजतात. शेवटी तो बायकामुलांसह मुंबईला येतो, तर तेथूनही वस्ती उठवण्याची वेळ येते. दहा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेला हा पाठ मी साहित्य म्हणूनही चांगला मानतो. त्यात उपदेश नाही, कोणी खलनायक नाही. जात्र्याला नाव आहे, बायको आहे, मुले आहेत, त्याला जुन्या गावाची आठवण येते. 'विस्थापित' हा शब्द शिकवण्याआधी पुस्तकाने एक विस्थापित माणूस दाखवला. आणि पाठाखालील प्रश्नही असे की, मुलाने त्या माणसाच्या जागी उभे राहून पाहावे.

मात्र हे पुस्तक केंद्रीय मंडळाच्या शाळांत चालले. म्हणजे जात्र्याची गोष्ट पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधील मुलांनी वाचली. डिंभ्याच्या काठावरच्या जिल्हा परिषद शाळेतील जात्र्याच्या भावंडांना ती मराठीत कोणी दिली नाही. आता ती मालिकाही मागे पडून नवी पुस्तके आली आहेत. दरम्यान २०२२ मध्ये, करोनानंतर विद्यार्थ्यांवरील ओझे कमी करण्याच्या नावाखाली, अकरावीच्या भूगोलातून हरितगृह परिणामाचा भाग आणि बारावीच्या राज्यशास्त्रातून जनआंदोलनांचे प्रकरण वगळण्यात आले. 'वगळण्यात आले' हा कर्मणी प्रयोग मी मुद्दामच ठेवला आहे.

यावर शिक्षकांचे म्हणणे मी ऐकले आहे आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. आपल्या भागात कारखाना, बाजार समिती आणि शिक्षणसंस्था यांची सूत्रे अनेकदा एकाच घरात असतात. अशा संस्थेतला शिक्षक वर्गात उसाच्या पाण्याचा हिशेब मांडू लागला तर त्याची बदली कोठे होईल हे सांगायला ज्योतिषी नको. दुसरे, समोर बसलेली निम्मी मुले बागाईतदारांची आहेत. त्यांना 'तुमच्या बापाने पाणी लुटले' असे सुचवणे हे शिक्षण नव्हे. त्या बापानेही कर्ज काढले आहे, अवकाळीने तोही रडला आहे. आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबेही याच बागांच्या आणि बाजाराच्या जोरावर उभी आहेत, आणि मंदिराच्या छपरासाठी त्यांनी दिलेली देणगी मी आनंदाने स्वीकारली आहे. तेव्हा मी बाहेर उभा राहून बोलत नाही. तिसरी शंका माझीच आहे : उद्या 'पर्यावरणीय न्याय' हा शब्द अभ्यासक्रमात आलाच, तर 'पर्यावरणीय न्याय म्हणजे काय? (२ गुण)' असा प्रश्न निघेल, मार्गदर्शकात त्याचे चार ओळींचे उत्तर छापले जाईल आणि डिंभ्याच्या मुलाला पुन्हा ते पाठ करावे लागेल.

म्हणून मला नव्या धड्याची घाई नाही. नकाशा पुरे आहे. तालुक्याचा नकाशा भिंतीवर लावावा आणि विचारावे : हे पाणी कोठून येते, कोठे जाते, वाटेत कोणाला मिळते, कोणाला नाही, आणि हे कोणी ठरवले? बागाईतदाराच्या मुलीने घरी जाऊन बाबांना विचारावे की, पाळी किती दिवसांनी येते. डोंगरातल्या मुलाने आजीला विचारावे की, बांधांची नावे काय होती. दोघांनी आपापली उत्तरे एकाच फळ्यावर लिहावीत. येथे कोणाला आरोपी ठरवायचे नाही. 'आम्ही' आणि 'आम्ही' समोरासमोर आल्यावाचून खरा 'आपण' तयार होत नाही, एवढेच.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्र दिले तेव्हा आम्ही धर्मगुरूंनी त्यावर शिबिरे घेतली. त्यात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे करता येत नाहीत, हा विचार पुनःपुन्हा येतो. शिक्षणावरही एक प्रकरण खर्ची पडले आहे. आम्ही त्यातून काय उचलले? रोपे. दर सप्टेंबरला मिस्सानंतर आवारात रोपे लावतो, छायाचित्र काढतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात सृष्टीचे सौंदर्य शिकवतो. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईच्या चळवळीत पाणी, जमीन आणि सत्ता यांचे नाते चव्हाट्यावर मांडले आणि त्यासाठी रोष पत्करला. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण रोपांना कोणाचाच विरोध नसतो, म्हणून ती आपल्याला आवडतात. माझी स्पर्धा त्याच रोपांच्या जातीची होती.

यंदाच्या स्पर्धेचा विषय बदलला आहे : 'आमच्या गावाचे पाणी'. शब्दमर्यादा काढून टाकली आहे, शुद्धलेखनाचे गुण निम्मे केले आहेत. परीक्षक म्हणून माझ्याबरोबर आंबेगावच्या पश्चिम भागात आयुष्य काढलेले एक निवृत्त गुरुजी असतील. त्यांनी अट घातली आहे की, लाल शाई वापरायची नाही. घरातील मोठ्यांना विचारून लिहिण्यास मुलांना मुभा आहे, किंबहुना तसे त्यांनी करावेच. निबंध सप्टेंबरअखेर धर्मग्रामाच्या कार्यालयात पोहोचावेत. त्या मुलाला मी पत्र पाठवून त्याचा जुना निबंध पुन्हा मागितला आहे. तो आता दहावीत आहे. त्याचे उत्तर आले. त्यात लिहिले आहे की, मूळ कागद हरवला, पण सुट्टीत आजीकडून बांधांची नावे उतरवून घेतो आणि नवा लिहितो, चालेल का?